तणनाशकाने इजा झाली तर कंपनीकडून भरपाई मागता येते का?

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर आणि देपालपूर भागातल्या आपल्या मराठी शेतकऱ्यांकडून या हंगामात दोन प्रश्न आले. दोन्हींचा रोख एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र देतो आहे.

प्रश्न (सांवेर): थोरल्या भावाला नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. बरीच वर्षं शेतात ग्लायफोसेट हे तणनाशक ते स्वतः फवारायचे. अमेरिकेत याच औषधावरून कंपनीला करोडो भरावे लागले असं मोबाइलवर पाहिलं. आम्हाला दावा करता येईल का?

उत्तर: करता येईल. सोपा मात्र नाही, आणि हे आत्ताच सांगितलेलं बरं.

अमेरिकेची बातमी खरी आहे. शाळांच्या मैदानांची देखभाल करणाऱ्या एका माणसाला 2018 मध्ये ज्यूरीने 28.9 कोटी डॉलर मंजूर केले. अपिलात ते 2.05 कोटींवर आले. 2020 मध्ये हे औषध विकणाऱ्या बायर कंपनीने असे दावे मिटवण्यासाठी 1,000 कोटी डॉलरहून मोठी तडजोड जाहीर केली, पण चूक कबूल केली नाही. पुढे काही खटले कंपनीने जिंकलेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेट ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं मत उलट आहे. त्यामुळे आजार याच औषधाने झाला हे सिद्ध करणं तिथेही जड जातं. तिथल्या खटल्यांचा मुख्य मुद्दा असा होता की कंपनीने धोक्याचा इशारा द्यायला हवा होता, तो दिला नाही.

आपल्या ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्येही हा मुद्दा आहे. कलम 84 प्रमाणे माल सदोष असेल, किंवा वापराच्या पुरेशा सूचना आणि इशारा दिला नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. शेतकरी ‘ग्राहक’ नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका; बियाण्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच तो वाद मिटवला आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. कोणत्या आयोगात जायचं हे मालाला मोजलेल्या किमतीवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, म्हणजे औषधाच्या डब्याला ती लागणारच नाही. मुदत 2 वर्षांची. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

आता तुमची अडचण. इतक्या वर्षांची पक्की बिलं तुमच्याकडे नसणार, कारण दुकानावर उधारीचा माल कच्च्या पर्चीवर मिळतो. सोसायटीतून औषध घेतलं असेल तर तिथल्या खात्याचा उतारा मागा. दुकानदाराकडे विक्रीचं रजिस्टर असतं. गिरदावरीच्या, म्हणजे पटवाऱ्याच्या पीक पाहणीच्या, नोंदीवरून कोणत्या वर्षी कोणतं पीक होतं ते दिसेल. डॉक्टरांना भाऊ काय फवारायचे, किती वर्षं, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. नंतर जोडलेल्या कागदापेक्षा उपचाराच्या वेळी झालेल्या नोंदीला वजन जास्त असतं.

आणखी एक कडू गोष्ट. आपल्या देशात ग्लायफोसेटला मंजुरी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. ते उभ्या पिकाच्या ओळींत मारलं असेल, किंवा जोर वाढावा म्हणून त्यात युरिया आणि मीठ घातलं असेल, तर कंपनीचा वकील ग्राहक कायद्याचं कलम 87 काढेल: मालाचा गैरवापर झाला, आम्ही जबाबदार नाही. खरं काय केलं ते तुमच्या वकिलापासून लपवू नका.

प्रश्न (देपालपूर): मी रोजाने लावलेल्या माणसाने माझ्या शेतात पॅराक्वाट हे तणनाशक फवारलं. पंप गळत होता. दुसऱ्या दिवशी पाठीवर आणि मांडीवर कातडी भाजल्यासारखी सोलली. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनीवाला म्हणतो शेतमालकाला. जबाबदार कोण?

उत्तर: आधी त्यांना दवाखान्यात न्या, इंदूरच्या एम.वाय. या सरकारी रुग्णालयात न्या, आजच. पॅराक्वाटला उतारा नाही. कातडीवाटे शरीरात गेलं तर मूत्रपिंड आणि फुप्फुसावर जाऊ शकतं, आणि दम लागायला काही दिवस लागतात, म्हणून जखम सुकते आहे यावर भरवसा ठेवू नका. डबा सोबत न्या, डॉक्टरांना नाव वाचू द्या.

जबाबदारीचं म्हणाल तर इथे शेतमालक म्हणून तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल, दादा. मालकाने कामासाठी माल विकत घेतला आणि कंपनीने मालकाला इशारा दिलेला होता, तर इशारा अपुरा होता म्हणून मजूर कंपनीला धरू शकत नाही. ग्राहक कायद्यातच कंपनीला तशी सूट आहे. डब्यावरचा पिवळा त्रिकोण (औषध फार विषारी असल्याची खूण), हातमोजे, बूट, अंग झाकणारे कपडे, हे सगळं माहितीपत्रकात असतं आणि पत्रक तुमच्या घरी पडून राहतं. फवारणाऱ्याला ते वाचून दाखवणं आणि गळका पंप त्याच्या पाठीवर न देणं हे मालकाचं काम आहे. वॉशर बदलायला किती पैसे लागतात?

कंपनी मात्र एवढ्याने सुटत नाही. पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत असावं, त्यात विषबाधेची लक्षणं आणि प्रथमोपचार असावेत, असा कीटकनाशक नियम 1971 चा दंडक आहे. पत्रकच नसेल, अक्षर वाचता येत नसेल किंवा माल भेसळीचा असेल, तर जबाबदारी कंपनीकडे आणि दुकानदाराकडे जाते. म्हणून उरलेलं औषध ओतून देऊ नका, डबा धुऊ नका. लेबल, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख यांचे फोटो काढा. त्याच बॅचचा सीलबंद डबा दुकानात असेल तर कृषी विभागाच्या कीटकनाशक निरीक्षकाकडे लेखी अर्ज देऊन नमुना घ्यायला लावा. तो नमुन्याचे तीन भाग करून सील करतो. अर्जाची पोच घ्या. त्या कारवाईत दंड किंवा शिक्षा होते, भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगच. मजुराने औषध विकत घेतलं नसलं तरी मालकाच्या संमतीने वापरणारा म्हणून तो स्वतः तक्रार करू शकतो. त्याला कागद काढून देताना आखडता हात घेऊ नका.