वाचकांचे प्रश्न : नवा फोन गाडीला का जुळत नाही?

प्रश्न : इंदूरच्या सुदामा नगरात आम्ही राहतो. आमच्या मोटारीत कंपनीनेच बसवलेला ब्लूटूथचा संच असून तो इतकी वर्षे विनातक्रार चालला. अलीकडे मी फोन बदलला. नव्या फोनच्या यादीत गाडीचे नाव दिसते. परंतु त्यावर बोट ठेवले की थोडा वेळ चक्र फिरते आणि जोडणी होऊ शकली नाही असा संदेश येतो. जुना फोन आता मुलीकडे आहे, तो मात्र गाडी सुरू होताच आपोआप जुळतो. आम्ही गाडीने वरचेवर ओंकारेश्वरला जातो, त्यामुळे ही सोय हवी आहे. दुकानदार म्हणतो, संच जुना झाला, नवा स्क्रीन बसवा. काय करावे?

उत्तर : नवा स्क्रीन मुळीच घेऊ नये, निदान खाली सांगितलेले करून पाहिल्याशिवाय तरी नाही. आपल्या मुलीचा फोन त्याच संचाला जुळतो, त्यावरून बोलणेही होते, याचाच अर्थ संच धडधाकट आहे. अडचण आहे ती दोन्ही बाजूंनी साठवून ठेवलेल्या नोंदींची, आणि ती दूर करण्यास एक पैसाही लागत नाही.

ब्लूटूथची पहिली जोडणी, म्हणजे पेअरिंग, होते तेव्हा फोन आणि संच मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघेही आपापल्या स्मृतीत जपून ठेवतात. पुढे दर वेळी गाडी सुरू झाली की हीच किल्ली ताडून पाहिली जाते. बँकेचा लॉकर जसा ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसेच हे आहे. एखादा प्रयत्न अर्धवट राहिला किंवा एका बाजूची नोंद पुसून दुसऱ्या बाजूची तशीच राहिली, तर संच जुन्या किल्लीवर अडून बसतो आणि फोनला ती ठाऊकच नसते. शिवाय गाडीतील संच ठरावीक संख्येइतकेच फोन लक्षात ठेवतो. ती यादी भरली असेल, तर काही संच तसे स्पष्ट सांगतात आणि काही नुसताच नकार देतात. आपल्या घरातील सर्वांचे, झालेच तर पाहुण्यांचे आणि वर्कशॉपमधील कुणाचे फोन त्या यादीत असण्याचा संभव बराच आहे.

तिसरे कारण अंगणातच सापडेल. मोटारीतील ब्लूटूथचा पल्ला साधारण 10 मीटर असतो. गाडी घरासमोर उभी असली तर मुलीचा फोन आतल्या खोलीतूनही तिला जुळू शकतो, आणि पुष्कळ संच बोलण्यासाठी एका वेळी एकच फोन घेतात. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी घरातील बाकी सर्व फोनांचे ब्लूटूथ बंद करावे.

त्यानंतर गाडी उभी ठेवून, हँडब्रेक ओढून बसावे. अनेक गाड्यांत चाके फिरत असताना जोडणीचा पर्यायच मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. आधी संचाच्या ब्लूटूथ किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या फोनांची यादी उघडावी आणि नको असलेली सर्व नावे काढून टाकावीत. आपल्या नव्या फोनचे नाव तेथे असेल तर तेही काढावे. मग नव्या फोनच्या ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावाशेजारील खुणेवर बोट ठेवून 'फरगेट' निवडावे. दोन्ही बाजूंची नोंद पुसणे हा या साऱ्या उपायाचा गाभा आहे. बहुतेक लोक केवळ फोनवरची पुसतात आणि तेच पुन्हा घडले की हताश होतात. नंतर फोन बंद करून सुरू करावा, गाडीचे इंजिनही बंद करून पुन्हा चालू करावे.

आता संचावर 'नवा फोन जोडा' या अर्थाचा पर्याय निवडावा आणि फोनवर ब्लूटूथचे पान उघडेच ठेवावे, कारण संच थोडा वेळच इतरांना दिसतो. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या येईल. ती ताडून पाहावी, मगच संमती द्यावी. इमारतीच्या पार्किंगमध्ये एकाच नावाच्या दोन गाड्या शेजारी असणे काही दुर्मीळ नाही. ही संख्या जुळवण्याची पद्धत 2007 साली आलेल्या ब्लूटूथ 2.1 पासूनची आहे. त्याहून जुन्या धर्तीचा संच असेल तर तो चार आकडी पिन मागतो, आणि ती बहुधा 0000 किंवा 1234 असते.

यानंतर फोन विचारतो, संपर्कांची यादी गाडीला द्यावी काय? येथे घाईघाईने 'नको' दाबले जाते आणि मग पडद्यावर नावाऐवजी नुसता क्रमांक दिसतो. आपल्याकडेही तसे झाले तर गाडीच्या नावाशेजारील त्याच खुणेवर परत जावे. ॲण्ड्रॉइडवर तेथे कॉल, गाणी व इतर आवाज, आणि संपर्क यांची वेगवेगळी बटणे असतात. आयफोनवर संपर्क जुळवण्याचे बटण असते. कॉल आणि गाणी हे ब्लूटूथच्या दृष्टीने दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. म्हणूनच भजने गाडीच्या स्पीकरवर आणि कॉल मात्र फोनच्या कानात, असे घडते. कॉलचे बटण चालू केले की ते सुटते.

आपल्या मराठी घरांत हमखास येणाऱ्या दोन अडचणी सांगतो. 'आई', 'वहिनी', 'नानाकाका' अशी नावे देवनागरीत साठवलेली असतील आणि संचात देवनागरी अक्षरे नसतील, तर नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. यात फोनचा दोष नसतो. वारंवार लागणारी नावे रोमन लिपीत ठेवणे हा त्यावर सोपा उपाय. दुसरी अडचण दोन सिमकार्डांची. फोनमध्ये 'दर वेळी विचारा' असे ठरवलेले असले, तर स्टिअरिंगवरून लावलेला कॉल फोनच्या पडद्यावर सिम निवडण्याची वाट पाहत थांबतो आणि चालकाला खिशात हात घालावा लागतो. कॉलसाठी एक सिम कायमचे नेमून द्यावे.

ओंकारेश्वरच्या वाटेविषयी आग्रहाने लिहितो. 2019 साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 प्रमाणे गाडी चालवताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते आणि पहिल्या गुन्ह्यालाही 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हँड्सफ्रीमुळे हात मोकळे राहतात. लक्ष मात्र बोलण्याकडे जातेच. भेरूघाटाची वळणे आणि समोरून येणाऱ्या मालमोटारी यांच्यामध्ये आलेला कॉल शेजारी बसलेल्याने घ्यावा, किंवा घाट उतरून गाडी बाजूला घेईपर्यंत तो तसाच वाजू द्यावा.

प्रश्न : आमच्या गाडीत बाहेरून बसवून घेतलेला संच आहे. मला पलीकडचे सर्व ऐकू येते, परंतु त्यांना माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो आणि त्यांचेच शब्द परत ऐकू येतात. (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ताई, बसवणाऱ्याने मायक्रोफोन कोठे ठेवला ते आधी पाहावे. अशा संचांबरोबर बारीक तारेचा, चिमट्याने अडकवायचा मायक्रोफोन येतो. तो काचेशेजारच्या खांबावर किंवा छताच्या दिव्याजवळ, चालकाच्या तोंडाकडे वळवून लावायला हवा. काम लवकर उरकावे म्हणून तो संचामागेच सोडून दिलेला पुष्कळदा आढळतो. पलीकडच्यांचेच शब्द परत जातात, कारण स्पीकरचा आवाज याच मायक्रोफोनमध्ये शिरतो. तेव्हा कॉल चालू असताना संचाचा आवाज कमी करावा. कॉलचा आणि गाण्यांचा आवाज अनेक संचांत वेगवेगळा ठरवता येतो. इंदूरच्या उन्हाळ्यात एसी पूर्ण जोरात असतो, त्याचा झोत मायक्रोफोनवर येणार नाही असा फिरवावा, म्हणजे घोंघावणेही थांबेल.

प्रश्न : गाडी विकायची आहे. ब्लूटूथच्या बाबतीत काही करावे लागते का?

उत्तर : अवश्य करावे लागते. आपल्या संपर्कांची यादी आणि अलीकडच्या कॉलची नोंद संचात राहिलेली असू शकते. नुसता फोन काढून घेऊन भागत नाही. संचाच्या सेटिंगमध्ये मूळ स्थितीत परत नेण्याचा, म्हणजे 'फॅक्टरी रीसेट'चा पर्याय असतो, तो वापरावा आणि नंतर आपल्या फोनवरूनही गाडीची नोंद पुसावी. गाडी किल्ल्यांसह ताब्यात देण्याच्या आदल्या दिवशीच हे उरकून घ्यावे, कारण व्यवहाराच्या गडबडीत ते राहून जाते. वापरलेली गाडी घेणाऱ्यानेही प्रथम हेच करावे. आधीच्या मालकाचे फोन यादीतून गेले की स्वतःचा फोन जोडताना वर सांगितलेली अडचण बहुधा येणारच नाही.