शोकात असलेल्या आईला कुठे न्यावे?

“मॅडम, आईला जरा बदल व्हावा म्हणून केरळला नेलं. पाच दिवस ती हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहिली, आणि घरी आल्यापासून तर बोलणंच टाकलंय. आता तिला कुठे न्यावं?” माझ्यासमोर बसलेल्या मुलीचा आवाज थकलेला होता, आणि त्या थकव्यात आईवरचा थोडा रागही मिसळला आहे हे तिचे तिलाच कळत होते. सोलापुरात समुपदेशनाचे काम करताना हा प्रश्न मला निरनिराळ्या रूपांत सतत भेटतो. घरात अकाली मृत्यू होतो, काही नातेवाईक सांगतात, “चार दिवस बाहेर काढा, मन रमेल,” तर काही म्हणतात, “वर्षसुद्धा झालं नाही, सहलीला निघालात तर लोक काय म्हणतील?” दोन्ही बाजू तावातावाने बोलत असतात आणि जिच्यावर आघात झालेला असतो तिला मात्र कोणी काही विचारत नाही. म्हणून या कुटुंबाची गोष्ट, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

कुटुंब शहराच्या पूर्व भागातले. घरालगतच्या शेडमध्ये चार यंत्रमाग, त्यांवर टॉवेल निघतात. घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी, ही त्या भागातली नेहमीची रीत. या आईचे, त्यांना येथे ताई म्हणते, वय बावन्न. कोजागरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाण्याचा त्यांचा नेम होता. साधारण ४५ किलोमीटरची ती वाट त्या रात्री माणसांनी भरून वाहते आणि वाहने दुसऱ्या मार्गाने वळवली जातात. त्या वर्षी तुळजापूर जवळ आलेले असताना ताईंच्या गुडघ्याने दगा दिला. पहाटे त्यांनी मुलाला फोन केला, “पाय चालेनात रे, ये न्यायला.” बावीस वर्षांचा मुलगा झोपेतून उठून दुचाकीवर निघाला आणि वळवलेल्या रस्त्यावर एका ट्रकच्या धडकेत जागीच गेला. ताई रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर दोन तास त्याची वाट पाहत बसल्या होत्या.

मुलगी माझ्याकडे आली तेव्हा या घटनेला चार महिने झाले होते. मी तिला प्रथम हे सांगितले की चार महिन्यांत आई पूर्वीसारखी झाली नाही, याला आजार म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले आहे. पण त्यासाठीसुद्धा किमान सहा महिने उलटलेले असावे लागतात, आणि अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत प्रौढांसाठी ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. मात्र झोप, जेवण आणि जगण्याची इच्छा यांची चौकशी पहिल्या दिवसापासून करावी लागते. ताईंना मी पहिल्याच भेटीत सरळ विचारले की जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यावर माणसाला अनेकदा हायसे वाटते. “मरावं वाटत नाही, पण उठावं पण वाटत नाही,” असे त्या म्हणाल्या. झोप अगदीच उडाल्यामुळे मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले आणि काही महिने त्यांना औषधाची मदत झाली.

केरळची सहल का फसली, हे समजून घेणे आवश्यक होते. ती सहल मुलीने ठरवली होती, तारखा जावयाच्या रजेप्रमाणे होत्या आणि सहप्रवासी सगळे आनंदात होते. अशा ठिकाणी शोकात असलेल्या माणसावर दुहेरी ओझे येते: स्वतःचे दुःख सांभाळायचे आणि इतरांच्या आनंदाला गालबोट लागू नये म्हणून चेहराही सांभाळायचा. त्यातून जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी सहज विचारले, “मुलं किती?” ताई उठून खोलीत गेल्या त्या परतीच्या दिवसापर्यंत बाहेर आल्याच नाहीत. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. आघात झालेल्या माणसाला घरापासून लांब नेले की आघातही मागे राहतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नवखी खोली, नवखा पलंग आणि रिकामा वेळ मिळाला की तो अधिकच जवळ येऊन बसतो.

मग प्रवासाचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो मी अनेकांच्या बाबतीत पाहिलेला आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली, ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. शोकातला माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, रडतो, आठवतो. तर कधी पुढच्या जगण्याच्या व्यवहाराकडे वळतो, आणि या दोहोंमधली ये-जा चालू राहणे म्हणजेच सावरणे, असे ते सांगतात. ज्यांची ये-जा एका बाजूला अडते ते अडकतात. ताई घरात बसून एकाच पहाटेकडे पाहत होत्या. मुलगी त्यांना ओढून फक्त दुसऱ्या बाजूला नेऊ पाहत होती. प्रवास चांगला आखला तर एकाच दिवसात दोन्हीकडे जाता येते, कारण गाडीत शेजारी बसून खिडकीबाहेर पाहत असताना माणूस समोरासमोर न बोलता येणारे बोलून जातो, आणि पुढच्याच क्षणी तिकीट, पाणी, उतरायचे ठिकाण अशा साध्या गोष्टी त्याला पुन्हा वर्तमानात आणतात. अनोळखी गावात कोणी “बिचारी” म्हणून पाहत नाही, ही सवलतही लहान नसते.

आम्ही सुरुवात घरापासून दोन-अडीच किलोमीटरवर केली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी संध्याकाळी पाच वाजता जायचे, वीस मिनिटे बसायचे आणि परत यायचे. त्या वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा कोलाहल घरापर्यंत ऐकू येत होता तेव्हा त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. मार्चमध्ये त्याच परिसरात ताई आपल्या यजमानांबरोबर बसू लागल्या. अट एकच होती, की निघायचे केव्हा आणि उठायचे केव्हा हे ताईंनीच ठरवायचे. पहिल्या आठवड्यात त्या पाच मिनिटांत उठल्या, आणि यजमान काही न बोलता त्यांच्याबरोबर उठले. आघाताच्या वेळी माणसाच्या हातून सगळेच निसटलेले असते. म्हणून “आता उठूया” एवढे ठरवता येणे आणि समोरच्याने ते ऐकणे याला मी फार महत्त्व देते.

येथे माझ्याकडून एक चूक झाली. तळ्याकाठचे जाणे रुळल्यावर मला वाटले की खरा प्रश्न तुळजापूर रस्त्याचा आहे, आणि मी तो विषय घाईने काढला. त्या रस्त्यावरून थोडे अंतर बसने जाऊन येण्याचे सुचवले. ताई “बघू” म्हणाल्या आणि पुढच्या दोन्ही भेटींना आल्या नाहीत. टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने जाणे ही उपचाराची मान्य पद्धत आहे, परंतु पायरी कोणती हे समुपदेशकाने अंदाजाने ठरवायचे नसते. मी स्वतः फोन करून त्यांची क्षमा मागितली आणि विचारले, “तुम्हाला कुठे जावंसं वाटतं का?” बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाणी बघायला जावं वाटतंय. गर्दी नको.”

श्रावणातल्या एका साध्या वारी ताई आणि यजमान दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलला गेले. तेथे भीमा आणि सीना यांचा संगम आहे, आणि तेथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा, मराठीतला अतिशय जुना शिलालेख आहे. ताईंनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही बांधून घेतले होते. अपघातानंतर स्वतःच्या मनाने केलेला हा पहिला डबा. शिलालेखाखाली उभे राहून यजमानांनी त्यातली ओळ वाचून दाखवली, “वाछि तो विजेयां होईवा”, जो वाचेल तो विजयी होईल. सातवीपर्यंत शिकलेल्या ताईंनी हात वर करून एकेका अक्षराच्या दिशेने बोट फिरवले, ‘व’ ओळखला, नंतरचे काही त्यांना लागले नाही. “पोरानं झरझर वाचलं असतं,” असे त्या म्हणाल्या. दहा महिन्यांत मुलाचा उल्लेख त्यांच्या तोंडून आपणहून प्रथमच झाला होता. मग घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी यजमानांना ते सांगितले जे माझ्यापाशीही नेमके बोलल्या नव्हत्या: “मी फोन केला नसता तर पोरगं घरात झोपलं असतं की ओ. मीच बोलावलं त्याला.”

यजमानांनी यावर समजूत घातली नाही, हे त्यांचे मोठेपण. “तुझा काय दोष” हे शब्द चांगल्या मनाने उच्चारले जातात, पण ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखे वाटतात. ते एवढेच म्हणाले, “त्यानं फोन उचलला तेव्हा मी जागा होतो. मी जातो म्हणायला पाहिजे होतं, मी कूस बदलली.” दहा महिने एकाच छताखाली दोघांनी आपापला दोष स्वतंत्रपणे वाहिला होता. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी तुळजापूरच्या रस्त्याकडे पाहत राहिले आणि ताईंची खरी भीती मला दिसलीच नाही. अपघातानंतर त्यांनी आपला मोबाइल मुलीकडे देऊन टाकला होता. मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या पायी येत, पण कोणालाही बोलावत नसत. मला न्यायला ये, असे म्हणणे म्हणजे माणसाला मृत्यूकडे धाडणे, असे त्यांच्या मनाने धरले होते.

पुढचे काही महिने आम्ही याच विषयावर बोललो. त्या पहाटे फोन करताना त्यांना काय ठाऊक होते आणि काय ठाऊक होणे शक्यच नव्हते, हे आम्ही अनेकदा वेगळे करून पाहिले. कोजागरी आली, त्या घरीच राहिल्या, रात्रभर जाग्या राहिल्या, आणि तो दिवस तसाच जाणार हे आम्ही सर्वांनी आधीच स्वीकारले होते.

डिसेंबरात त्या नणंदेबरोबर रेल्वेने विजापूरला गेल्या. ही कल्पना त्यांचीच. गोल घुमटाच्या वरच्या सज्जात पर्यटक प्रतिध्वनी ऐकण्यासाठी ओरडत असतात; त्या किंकाळ्यांनी ताईंच्या छातीत धडधडू लागले. आम्ही शिकलो होतो त्याप्रमाणे त्यांनी भिंतीच्या दगडाला तळहात टेकवला, श्वास सावकाश सोडला, नणंदेला सांगितले आणि दोघी खाली येऊन बागेत गवतावर बसल्या. पूर्वी त्या अशा वेळी थेट घरी निघाल्या असत्या. या वेळी तासाभराने उठून त्यांनी बाहेर चहा घेतला.

ज्यांच्या घरी असे दुःख आहे ते मला विचारतात, केव्हा न्यावे, कुठे न्यावे, किती दिवस न्यावे. माझे उत्तर असे की आधी विचारावे, जवळचे ठिकाण घ्यावे, संध्याकाळी घरी परतता येईल इतकेच अंतर ठेवावे, आणि “आता बरं वाटतंय ना” हा प्रश्न परतीच्या वाटेवर विचारू नये. वर्षाच्या आत बाहेर पडल्याने गेलेल्याचा अनादर होत नाही. मात्र माणूस जेवण सोडत असेल, मरणाची भाषा करत असेल किंवा आपले सामान वाटून टाकत असेल, तर प्रवासाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते.

विजापूरहून गाडी सोलापूर स्थानकात आली तेव्हा अंधार पडला होता. नणंद रिक्षा पाहायला पुढे निघाली. ताईंनी तिला थांबवून तिचा मोबाइल मागून घेतला आणि यजमानांचा क्रमांक स्वतः दाबला. “उतरलोय आम्ही,” त्या म्हणाल्या. “न्यायला या. सावकाश या, आम्ही थांबतोय.” ते येईपर्यंतची वीस मिनिटे त्यांनी नणंदेचा हात घट्ट धरून ठेवला होता.