न्यूझीलंडला जा, पण सगळी एफडी मोडून नको

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या ६२ वर्षांच्या, यजमान ६६ वर्षांचे, सातपूरच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. जानेवारीत त्यांची ११ लाखांची एफडी सुटते आहे आणि ती सगळी १४ दिवसांच्या न्यूझीलंड टूरवर घालावी, असं यजमानांच्या मनात आहे. ग्रुप टूर, सोबत टूर मॅनेजर, जवळपास सगळा प्रवास कोचने, माणशी ५ लाख २० हजार. त्याच कंपनीची ९ दिवसांची टूरही आहे, माणशी ३ लाख ७० हजार. मुलगा म्हणतो, गाडी भाड्याने घ्या, दोघांचं मिळून ६ लाखांत होईल. ताईंचे गुडघे दुखतात. दोन-तीन वर्षांत ते बदलावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. ‘या वयात एवढे पैसे घालवणं बरोबर आहे का?’ असं त्या विचारतात.

ताई, जा. या मार्चमध्येच जा, पुढच्या वर्षावर ढकलू नका. गुडघ्यांची मुदत डॉक्टरांनी सांगितलेलीच आहे. पण टूर ९ दिवसांची घ्या, कोचचीच घ्या आणि उरलेल्या पैशाला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

तुमची जमा अशी: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख, ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार. एफडी एकूण २२ लाख, ७ टक्के धरले तर १ लाख ५४ हजार. यजमानांची ईपीएस पेन्शन महिना २,९००. सगळं मिळून वर्षाला साधारण ४ लाख ३५ हजार येतात. घरखर्च महिना ४५ हजार, म्हणजे वर्षाचे ५ लाख ४० हजार. वरचे लाखभर रुपये तुम्ही म्युच्युअल फंडातल्या ३० लाखांमधून काढता. हे प्रमाण साडेतीन टक्के पडतं, त्यात काळजीचं काही नाही.

आता १४ दिवसांची टूर. दोघांचे १० लाख ४० हजार हा कंपनीचा आकडा झाला. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. २०२५-२६ मध्ये तो १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के होता, हिशोब त्याच दराने करतो. दोघांनी आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून पैसे भरले तरी ५२ हजार जातातच. ते बुडत नाहीत. तुमच्या उत्पन्नावर कर बसत नसल्याने रिटर्न भरलं की सगळे परत येतील, पण तोपर्यंत अडकून राहतील. शिवाय व्हिसा, त्यासोबत तिथलं सरकार माणशी घेतं ते १०० न्यूझीलंड डॉलर, विमा, पॅकेजमध्ये नसलेली जेवणं, एखादी हेलिकॉप्टरची फेरी आणि नातवंडांसाठीची खरेदी. याला मी लाखभर धरतो. बेरीज जवळपास १२ लाखांवर जाते, म्हणजे ती ११ लाखांच्या एफडीत बसतच नाही. टीसीएस परत आल्यावरही ११ लाख ४० हजार कायमचे गेलेले असतील आणि त्यांच्यासोबत वर्षाचं ८० हजारांचं व्याजही. मग दर वर्षी फंडातून १ लाख ८५ हजार काढावे लागतील. हे झाले सहा टक्क्यांहून जास्त. महागाईने घरखर्च वाढत जाणार, त्यात गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे उभं. इथे मला धास्ती वाटते.

९ दिवसांच्या टूरचे ७ लाख ४० हजार, टीसीएस ३७ हजार, वरखर्च ८० हजार. रिफंड आल्यावर खरा खर्च ८ लाख २० हजारांचा राहतो. व्याज ५७ हजारांनी कमी होईल, फंडातून काढायची रक्कम साडेपाच टक्क्यांच्या आत राहील आणि एफडीतले २ लाख ८० हजार हातात उरतील. हे गुडघ्यांचे पैसे. तुमचा मेडिक्लेम दोघांत मिळून ५ लाखांचा आहे. गुडघा बदलण्याला त्यात वेगळी मर्यादा आहे का, हे पॉलिसी काढून वाचा. आता सुपर टॉप-अप (मेडिक्लेमच्या पुढचा खर्च उचलणारा जादा विमा) घेतला तरी आधीपासूनच्या दुखण्याला प्रतीक्षा कालावधी लागतो आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून ही रक्कम रोखच हवी.

पाच दिवस कमी झाले याचं वाईट वाटेल, तर काय गळतं ते बघा. मोठ्या टूरमध्ये रोटोरुआ ते वेलिंग्टन साधारण ४५० किलोमीटर बसने, मग कुक सामुद्रधुनी ओलांडायला साडेतीन तासांची फेरी बोट, पुढे पिक्टन ते क्राइस्टचर्च आणखी ३४० किलोमीटर. छोट्या टूरमध्ये रोटोरुआनंतर विमानाने क्वीन्सटाउन. कायकोराचा समुद्राकाठचा रस्ता आणि पिक्टनजवळ बोटीतून दिसणाऱ्या खाड्या हुकतील, ते नुकसान खरंच आहे. पण दुखऱ्या गुडघ्यांनी तासन्‌तास बसून राहायचे दिवसही तेच आहेत. टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड ही ज्यासाठी माणूस एवढ्या लांब जातो ती ठिकाणं दोन्ही टूरमध्ये आहेत.

मिलफर्डबद्दल मात्र पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारा. क्वीन्सटाउनहून ते रस्त्याने साधारण २९० किलोमीटर आहे, जाऊन-येऊन एका दिवसात केलं तर बारा तास मोडतात. वाटेतल्या टे आनाऊ गावात मुक्काम असेल तर तिथून अंतर १२० किलोमीटरच उरतं. त्या एका मुक्कामासाठी माणशी काही हजार जास्त मागितले तरी द्या. तिथे पाऊस लागला म्हणून हळहळू नका. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, महाबळेश्वरपेक्षाही जास्त, आणि पावसातच त्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात.

मुलाचं म्हणणं मी सहज उडवून लावत नाही. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि १ लाख ४० हजार ही छोटी रक्कम नाही. पण नऊच्या नऊ दिवस यजमान एकटेच चालवणार. एकपदरी पूल, वळणाचे घाट, नजर सतत रस्त्यावर. डोंगर आणि तळी तुम्ही बघाल, त्यांना दिसणार नाहीत. भाड्याच्या गाडीच्या विम्यातही नुकसानीचा पहिला मोठा भाग बहुधा आपल्यालाच सोसावा लागतो. कोचच्या ड्रायव्हरला साडेपाच तासांच्या कामानंतर अर्धा तास थांबणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. सामान उचलायला, डॉक्टर गाठायला टूर मॅनेजर असतो. साठीनंतर या सोयीसाठी पैसे देण्यात काहीच चूक नाही.

विमा स्वस्तातला घेऊ नका. तिथल्या एसीसी या सरकारी योजनेत अपघाताने झालेल्या इजेच्या उपचारखर्चाला परदेशी पर्यटकांनाही मदत मिळते. आजारपणाला मिळत नाही. छातीत दुखलं तर हॉस्पिटलचं बिल तुमचंच. म्हणून फॉर्मवर बीपी, शुगर, गुडघे सगळं खरं लिहा, नाहीतर क्लेम नाकारतील. असाच खरेपणा ऑकलंड विमानतळावरही पाळा. चकली, लाडू, मेतकूट, जे काही नेताय ते जाहीर करा. काही काढून घेतील, काही सोडतील, पण लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो, म्हणजे साधारण २० हजार रुपये.

कंपनीचा दर नुसत्या रुपयांत आहे की ‘रुपये अधिक डॉलर’ असा, तेही बघून घ्या. डॉलरचा भाग पैसे भरता त्या दिवसाच्या भावाने लागतो. बुकिंगची रक्कम बहुधा परत मिळत नाही, म्हणून ती भरण्याआधी ताई, एकदा तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना प्रवासाचं विचारून घ्या. आणि बँकेत जाऊन एफडीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का ते आजच तपासा. असेल तर काढून टाका, नाहीतर जानेवारीत ती परत गुंतेल आणि मोडायला दंड पडेल.