आधी भिंत, मग पेशी

प्रिय मुली,

हृदय रक्तातून फॅटी ॲसिड (चरबीचे सुटे घटक) कसं घेतं, यावरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. हृदयाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के फॅटी ॲसिडमधून येते, हे तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. ठीक. पण खालच्या आकृतीत रक्तातून निघालेला बाण थेट हृदयाच्या स्नायुपेशीला जाऊन टेकतो. मधली केशवाहिनी गायब! माझी तक्रार ही एकच, पण तीवर तुझं सगळं काम उभं आहे.

यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला भोकं असतात, रक्तात फॅटी ॲसिड वाहून नेणारं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांतून सहज पलीकडे जातं. हृदयातली भिंत अखंड आहे. फॅटी ॲसिडला आधी एंडोथेलियमची, म्हणजे भिंतीच्या अस्तराची, पेशी ओलांडावी लागते, मग अरुंद फट, मग स्नायुपेशीचं पटल. फॅटी ॲसिड आत घ्यायला मदत करणाऱ्या सीडी३६ या प्रथिनाचं नाव निघालं की सगळे स्नायुपेशीकडे धावतात. इन्सुलिनमुळे किंवा आकुंचन वाढल्यावर ते आतल्या साठ्यातून पटलावर येतं, हे खरंच. पण उंदरांत नुसतं एंडोथेलियममधलं सीडी३६ काढलं तरी हृदय फॅटी ॲसिड कमी घेतं. म्हणजे पहिला नाका भिंतीतच आहे.

आणि अल्ब्युमिनला लोकल न्‌ फॅटी ॲसिडला प्रवासी म्हणणं तेवढं खोडून टाक. मुंबईत बसून हा मोह होतो, मान्य. पण प्रवासी स्टेशन येईपर्यंत डब्यात असतो. फॅटी ॲसिड अल्ब्युमिनवरून सतत सुटतं, पुन्हा चिकटतं. कुठल्याही क्षणी मोकळं असलेलं फॅटी ॲसिड जेमतेम नॅनोमोलर पातळीवर, म्हणजे अगदी नाममात्र असतं, आणि ते किती हे फॅटी ॲसिड व अल्ब्युमिनच्या गुणोत्तरावर ठरतं. म्हणून नुसतं एकूण फॅटी ॲसिड मोजू नकोस, अल्ब्युमिनही मोज.

दुसरा पुरवठा तू एका वाक्यात उरकलास: कायलोमायक्रॉन आणि व्हीएलडीएल या रक्तातल्या चरबीवाहू कणांमधले ट्रायग्लिसराइड. ते फोडून फॅटी ॲसिड मोकळं करणारं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं स्नायुपेशीत, आणि काम करतं भिंतीच्या रक्ताकडच्या बाजूला. त्याला तिथवर पोचवतं जीपीआयएचबीपी१ हे प्रथिन. फॅटी ॲसिड आत येतं त्या भिंतीतून हे विकर उलट्या दिशेने बाहेर जातं! मला या सगळ्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही.

फॅटी ॲसिड पटल आपोआप ओलांडतं की प्रथिनाच्या मदतीने, या जुन्या भांडणात एवढ्यात पडू नकोस. प्रथिन नसलेल्या कृत्रिम पटलातही ते झटकन एका बाजूकडून दुसरीकडे पलटतं. पण आत एफएबीपी३ या वाहक प्रथिनाने उचललं नाही आणि त्याचं ॲसिल-कोए, म्हणजे पेशीला वापरता येणारं रूप, झालं नाही, तर ते परतही जाईल. त्यामुळे हृदयाने किती घेतलं या आकड्यात ओलांडणं आणि वापरणं दोन्ही मिसळलेलं असतं. प्रबंधात हे स्पष्ट लिही, परीक्षक विचारणारच.

आता कॅथ लॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली. धमनी आणि कोरोनरी सायनस (हृदयाच्या स्नायूतून परतणारं रक्त गोळा करणारी शीर) यांच्या रक्तातला फरक काढायची पद्धत चांगली आहे. हृदयसंशोधक रिचर्ड बिंग यांनी १९४०च्या दशकातच माणसात ही वाट उघडली. पण रक्तप्रवाह मोजल्याशिवाय त्या फरकावरून किती घेतलं ते सांगता येत नाही. आणि मनगटातून अँजिओग्राफी करताना हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतातच. हेपारिनने लायपेज भिंतीवरून सुटून रक्तात येतं आणि ट्यूबमध्येही ट्रायग्लिसराइड फोडत राहतं. तुझा आकडा फुगतो, रुग्णाच्या हृदयात काहीही बदललेलं नसताना. सिस्टरांशी आधीच बोलून हेपारिनच्या अगोदर नमुना घे. हिरव्या झाकणाची ट्यूब नको, तिच्यातही हेपारिन असतं; जांभळी घे. लगेच बर्फात, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा गोठव. परळच्या मे महिन्यात ट्रे टेबलावर ठेवून चहाला गेलीस, तर तो नमुना टाकूनच दे.

रुग्णाने काय खाल्लंय तेही विचार. उपवास आहे म्हणणारा साबुदाण्याची खिचडी आणि गोड चहा घेऊन आलेला असू शकतो. त्या पिष्टाने इन्सुलिन वाढतं, चरबीतून फॅटी ॲसिड सुटणं मंदावतं. उलट, टेबलावर झोपवल्यावर घाबरलेल्या माणसात ॲड्रेनॅलिनने ते वाढतं. शेवटचा घास कधी आणि कशाचा, हे दोन रकाने फॉर्मवर घाल. भरताना नातेवाइकालाही विचार, रुग्ण बहुतेक वेळा चहा मोजत नाही.

तुझे सर