घरी बसून नेम सर्व्हर रीलोड करायचाय, पोर्ट उघडू का?

प्रश्न : आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलचं युनिट आहे, डोमेनचा नेम सर्व्हर (नावावरून आयपी पत्ता सांगणारा) ऑफिसातच आहे, डेबियन लिनक्सवर बाइंड ९ हे नेम सर्व्हरचं सॉफ्टवेअर. मी राहतो जुळे सोलापुरात. झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या फाइलीत) एखादी नोंद बदलली की सर्व्हिस रीस्टार्ट करायला ऑफिसात जावं लागतं. म्हणून सहकाऱ्याकडून बाइंडच्या आरएनडीसी कमांडच्या कीची फाइल व्हॉट्सॲपवर मागवून घरच्या लॅपटॉपवर टाकली, राउटरवर ९५३ पोर्ट पण उघडला, तरी आरएनडीसी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतंय. काय राहिलं सांगा की.

उत्तर : पहिल्यांदा तो ९५३ पोर्ट बंद करा, बाकीचं नंतर वाचा.

आता कनेक्शन का होत नाही ते बघू. आरएनडीसी ही बाइंडची कंट्रोल कमांड, ती टीसीपीच्या ९५३ पोर्टवर नेम्डशी (बाइंडचा सतत चालणारा प्रोग्रॅम) बोलते, पण कॉन्फिगमध्ये कंट्रोल्सचा ब्लॉक लिहिलेला नसला तर नेम्ड फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं ऐकतो. त्यामुळे राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून काही होणार नाही, आणि हे चांगलंच आहे, कारण ज्याच्याकडे की आहे तो तुमचा सर्व्हर स्टॉपसुद्धा करू शकतो. शिवाय आरएनडीसीच्या मेसेजवर त्या कीने सही होते पण मजकूर एन्क्रिप्ट होत नाही, तो वाटेत उघडाच जातो.

मग घरून कसं करायचं? एसएसएचने, म्हणजे एन्क्रिप्टेड रिमोट लॉगिनने. ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन व्हा, पासवर्ड नको, एसएसएच कीच ठेवा, आणि आरएनडीसी तिथल्या तिथे चालवा. लॅपटॉपवर आरएनडीसीची की लागतच नाही. कंट्रोल्समध्ये घरचा आयपी घालून हा कंट्रोल चॅनल बाहेर उघडता येतो हे खरं, पण घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो, मग माणूस कंटाळून सगळ्यांनाच परवानगी देऊन टाकतो, आणि तिथंच घात होतो. खरंच एका सर्व्हरवरून दुसरा सर्व्हर चालवायचा असेल तर चॅनल व्हीपीएनच्या (खासगी एन्क्रिप्टेड जाळ्याच्या) आतल्या पत्त्यावर ठेवा, प्रत्येक सर्व्हरला वेगळी की द्या, आणि दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) जुळवून घ्या, कारण मेसेजमध्ये वेळ पण असते, घड्याळ फार मागेपुढे असलं तर की बरोबर असूनही कनेक्शन तुटतं आणि आपण उगाच की तपासत बसतो.

व्हॉट्सॲपवर गेलेली की आता फुटली असंच समजा. आरएनडीसी-कॉन्फजेन हायफन ए असं चालवलं की नवी फाइल तयार होते, ती फक्त रूट आणि बाइंडच्या युजरलाच वाचता यावी. चालू नेम्डकडे मात्र जुनीच की असते, म्हणून तेवढ्यापुरती सर्व्हिस एकदा रीस्टार्ट करा.

एरवी रीस्टार्टची सवय सोडा हो, हे कळकळीनं सांगतोय. रीस्टार्टने सगळी कॅश (साठवून ठेवलेली उत्तरं) जाते, आणि कॉन्फिगमध्ये एक अर्धविराम राहिला तरी नेम्ड परत उठतच नाही, आरएनडीसीने तर तो सुरू करताच येत नाही, आणि ऑफिसातली मेल, वेबसाइट सगळं अडकतं. रीलोडमध्ये, म्हणजे नेम्ड बंद न करता फाइली पुन्हा वाचताना, कॉन्फिग चुकलं तरी जुनं चालू राहतं. म्हणून फाइल बदलली की एसओएमधला (झोनच्या मुख्य नोंदीतला) सिरियल नंबर वाढवा (२०२५०६१४०१ असा तारखेवरून ठेवला की घोळ होत नाही), नेम्ड-चेकझोनने तपासा, आणि आरएनडीसी रीलोड लिहून पुढे फक्त त्या झोनचं नाव द्या. सिरियल वाढवायचा राहिला तर सेकंडरी सर्व्हर (झोनची प्रत ठेवणारा दुसरा) नवी नोंद उचलणारच नाही, मग सोलापुरात एक उत्तर आणि पुण्यात दुसरं. नवा झोनच जोडला असेल तर आरएनडीसी रीकॉन्फिग पुरतं. दुसऱ्या कुणाच्या साइटचा जुना पत्ता कॅशमध्ये अडकला असेल तर आरएनडीसी फ्लशनेम आणि ते नाव, सगळी कॅश उडवायची गरज नाही.

प्रश्न : मी सोलापुरातच इंजिनिअरिंगला आहे. लॅबमध्ये डायनॅमिक अपडेटवाला (चालू सर्व्हरला नेटवर्कवरून नोंदी पाठवून बदलता येणारा) झोन आहे, फाइल हाताने बदलली की रीलोडला एरर येते, कधी बदल गायबच होतात. असं का होतं?

उत्तर : डायनॅमिक झोनचे ताजे बदल आधी जर्नल फाइलीत जातात, मुख्य फाइल मागं असते, त्यामुळे हाताने बदललेलं आणि जर्नलमधलं जुळत नाही. आधी आरएनडीसी फ्रीझ आणि झोनचं नाव, मग एडिट करा, सिरियल वाढवा, मग आरएनडीसी थॉ (फ्रीझ उठवायची कमांड). फ्रीझ असेपर्यंत अपडेट नाकारले जातात, म्हणून थॉ विसरू नका. एकदोन नोंदींसाठी तर एवढं करूच नका, एनएसअपडेट (सर्व्हरला नोंदींचे बदल पाठवायची कमांड) वापरा, फाइलला हातच लावायला नको.