मावा दिसला तरी थांबा

नवी बाग करताना पहिल्या वर्षी कुदळ बाजूलाच ठेवा. माती उलथली की गांडुळांची बिळं मोडतात आणि खाली दडलेलं तणाचं बी उजेडात येऊन रुजतं. त्यापेक्षा वाळलेल्या पाल्याचं 5 ते 7 सेंटिमीटर आच्छादन घाला. खोडाला मात्र टेकवू नका, खोड कुजतं.

झाडावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला की फवारणीला हात शिवशिवतात. आठ-दहा दिवस कळ काढा. ढालकिडे (लेडीबर्ड) येऊन अंडी घालतात आणि त्यांची एकेक अळी शेकडो मावा फस्त करते. ही अळी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसते; कीड समजून लोक नेमकी तिलाच चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. तिला आधी ओळखायला शिका.

आणि झाडं निवडताना आपल्या उन्हाला, पावसाला मानवतील तीच घ्या.