गोडवा मसाल्यांचा, गूळ बेताचा

प्रश्न : हिवाळ्यात ओव्हनमध्ये भाजलेला सफरचंदाचा क्रंबल, म्हणजे फळांच्या फोडींवर पीठ, तूप व साखरेचा रवाळ थर पसरून केलेला पदार्थ, आमच्याकडे सर्वांना आवडतो. सासऱ्यांना मधुमेह असल्यामुळे यंदा साखरेऐवजी तेवढाच गूळ आणि मैद्याऐवजी कणीक घालून पाहिली. परंतु तळाशी पाणी सुटले आणि वरचा थर गिच्च झाला. गुळामुळे हा पदार्थ पथ्याचा होतो का, दालचिनीने रक्तातील साखर उतरते हे कितपत खरे, आणि मसाले किती घालावेत, हे कृपया कळवावे.
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : गुळाविषयी आधी लिहिते, कारण हा समज घरोघरी आहे. गूळ ही मुख्यतः साखरच होय. त्यातील खनिजे चमचाभर गुळातून नगण्यच मिळतात आणि रक्तातील साखर त्यानेही वाढते. मधाचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी शिफारस केली, की वरून घातलेली साखर, जिच्यात मध व फळांचा रसही धरला जातो, ती दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमपर्यंत आणावी. तेव्हा साखर बदलण्यापेक्षा ती कमी करणे महत्त्वाचे, आणि तिथेच मसाले उपयोगी पडतात : दालचिनी व वेलची यांचा वास आपल्याला गोडाधोडाशी जोडूनच ठाऊक असल्यामुळे, ती पदार्थात असली की गूळ कमी पडल्याचे जिभेला फारसे जाणवत नाही.

सहा जणांसाठी चार मध्यम सफरचंदे व दोन घट्ट पेरू घ्यावेत. सफरचंदांची साल काढू नये, कारण तंतूंचा (फायबरचा) मोठा भाग सालीतच असतो. पेरूचा बियांचा गर मात्र काढून टाकावा. आपल्या बाजारात हिवाळ्यात मिळणारी लाल, गोड सफरचंदे भाजल्यावर लवकर मऊ पडतात, म्हणून फोडी मोठ्या ठेवाव्यात. पेरूमुळे आंबटगोड चव येते आणि सफरचंदाच्या दुपटीहून अधिक तंतू मिळतात. फोडींना एक चमचा लिंबाचा रस, अर्धा चमचा दालचिनीची पूड, पाव चमचा सुंठ, दोन लवंगांची पूड, दोन वेलदोड्यांची पूड आणि पुरणात घालतो तेवढे किसलेले जायफळ चोळावे. जायफळ याहून वाढवू नये. अति प्रमाणात ते बाधते. गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडींवर, भुरभुरण्याच्या जिरावन मसाल्यातही सुंठ, लवंग, दालचिनी असतातच, त्यामुळे ही चव इंदूरकरांना परकी वाटणार नाही. पूड शक्यतो ताजी करावी, कारण मसाल्यांची सुगंधी तेले दळल्यानंतर झपाट्याने उडून जातात.

आपल्याकडे पाणी बहुधा गूळ फळांत मिसळल्यामुळे सुटले असावे, कारण गोडाच्या संपर्कात फोडी आपला रस सोडतात. म्हणून फळांत गूळ मुळीच घालू नये. तो सगळा वरच्या थरात जावा. एक वाटी ओट्स, अर्धी वाटी जाडसर कणीक, दोन मोठे चमचे (सुमारे २५ ग्रॅम) गुळाची पूड, चिमूटभर मीठ व मूठभर अक्रोडाचे तुकडे एकत्र करून त्यात तीन मोठे चमचे साजूक तूप बोटांच्या टोकांनी चोळावे. तूप पातळ करू नये. डिसेंबरच्या थंडीत बरणीत ते आपोआप थिजलेले असते, तसेच घ्यावे. त्यामुळे पिठाच्या वाटाण्याएवढ्या मोकळ्या गुठळ्या बनतात, तर वितळलेले तूप पिठात जिरून लगदा होतो. हा थर फोडींवर नुसता भुरभुरावा, दाबू नये, नाहीतर फळांची वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. लहान ओटीजीत, म्हणजे टेबलावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांडी जवळ असल्याने थर लवकर लाल होतो. तसे दिसताच फॉइल सैल झाकावी.

या प्रमाणात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक चमचा साखरेइतकाच गूळ येतो. तरीही फळांची स्वतःची साखर, ओट्स व कणीक हिशेबात धरावीच लागतात, म्हणून सासऱ्यांना अर्धी वाटी द्यावी, त्या जेवणातील एक पोळी कमी करावी आणि दोन तासांनी साखर तपासून आपल्या डॉक्टरांशी बोलावे. दालचिनीवर अभ्यास झाले आहेत, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत; तिच्या भरवशावर औषध कमी करणे धोक्याचे आहे. बाजारातील जाड, कडक सालीच्या दालचिनीत, म्हणजे कॅशियात, कूमारिन हे द्रव्य बरेच असते आणि रोज जास्त पोटात गेल्यास ते यकृताला त्रास देऊ शकते. कधीमधी अर्धा चमचा सहा जणांत वाटला गेला तर चिंता नाही. परंतु कोणी रोज चमचाभर पूड पाण्यातून घेत असेल, तर त्यांना आवर्जून थांबवावे. पातळ, अनेक पदरांची सिलोन दालचिनी मिळाली तर तीच घ्यावी, तिच्यात हे द्रव्य अत्यल्प असते.

सोबत आइस्क्रीमऐवजी बिनसाखरेचा घट्ट चक्का द्यावा. उरलेला क्रंबल फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. गरम करताना मायक्रोवेव्ह टाळून ओटीजीत दहा मिनिटे ठेवावा, म्हणजे वरचा थर पुन्हा खुसखुशीत होतो.